हरळीची हद्द

दिवाळी जवळ आली की घरोघरी चुन्याच्या बादल्या आणि गेरूच्या पुड्या बाहेर निघतात. आमच्या मुखेडच्या घरीही तसेच होते. फरक एवढाच, की भिंती आणि उंबरे आटोपल्यावर उरलासुरला गेरू आणि चुना मी अंगणात घेऊन जातो आणि गुडघे टेकून विटांना लावीत बसतो. एक वीट लाल, एक पांढरी. येणारेजाणारे फाटकापाशी थबकून विचारतात, “गुरुजी, शाळा सुटली तरी रेघा मारणं सुटलं नाही का?” मी हसतो. प्रश्न विनोदाने विचारलेला असतो, पण तो माझ्या मनात दिवसभर राहतो. कारण रेघ मारणे ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही, हे मला अलीकडे, म्हणजे पंचाहत्तरीच्या उंबऱ्यावर, कळू लागले आहे.

तीस-बत्तीस वर्षे मी मुलांना गणित शिकवले. नोकरीच्या काळात तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी साहेबांच्या बंगल्यांवर कामानिमित्त जावे लागे. तिथल्या व्हरांड्यात ताटकळत बसले असता समोर दिसे ती हिरवळ, आणि तिच्या कडेने फुलांचे वाफे. माणसाला ज्या ठिकाणी ताटकळत बसावे लागते, तिथली एखादी वस्तू आपल्याही घरी असावी असे त्याला वाटू लागते. निवृत्तीनंतर मी घरापुढच्या मोकळ्या जागेत हिरवळ लावायची ठरवली. आमच्याकडे पाण्याची ओढ. नाजूक विलायती गवत इथे उन्हाळा काढायचे नाही. म्हणून हरळी लावली. ती लावावी लागते असेही नाही. फक्त तिला नाही म्हणायचे नाही, एवढे पुरते. हिरवळीच्या दोन बाजूंना वाफे केले. त्यांत शेवंती, झेंडू, अबोली आणि चार गुलाब. वाफे आणि हिरवळ यांच्यामध्ये, बंगल्यावर पाहिल्याप्रमाणे, तिरप्या विटा रोवल्या. करवतीच्या दात्यांसारखी ओळ मोठी झोकदार दिसत होती. त्या वर्षी दिवाळीला आलेल्या पाहुण्यांनी फुलांपेक्षा विटांचेच कौतुक अधिक केले.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या कौतुकाची वाट लागली. उन्हाळ्यात आमची काळी जमीन भेगाळली. हात घालावा एवढ्या भेगा. विटा त्या भेगांत कलल्या. मृगाचा पाऊस पडला तशी तीच माती फुगली आणि कललेल्या विटा तिने वर ढकलून दिल्या. म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांसारखी ओळ झाली. एक पुढे, एक मागे, मध्ये एखादी खिंड. आणि त्या प्रत्येक फटीतून हरळी पलीकडे गेली होती. वरून धावणारी तिची दोरी विटेवर चढून वाफ्यात उतरली होती. खालून जाणारी मुळी विटेच्या बुडाखालून गेली होती. तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटते; तोडलेला तुकडा मातीत पडला तरी त्याचे नवे झाड होते. शेवंतीचे वाफे श्रावणात शोधावे लागले.

आमच्याकडे अधूनमधून कामाला येणारे एक म्हातारे मामा आहेत. त्यांनी पडलेल्या विटांकडे पाहिले, नंतर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “गुरुजी, तुमी वर वर रेघ मारलाव. हरळी काय रेघ वाचती व्हय?”

मला ते लागले. मी ज्या मुलांना रेषा शिकवली त्यांना पहिल्याच तासाला सांगत असे, की रेषेला लांबी असते, रुंदी नसते. युक्लिडने सांगितलेली ही गोष्ट दोन हजार वर्षांहून अधिक काळ जगभरच्या शाळांत शिकवली गेली. फळ्यावर खडूने ओढलेली रेघ जाड दिसते, पण ती खरी रेषा नव्हे, तिचे चित्र आहे, असे मी ठासून सांगे. आणि आता माझ्याच अंगणात एक गवत मला सांगत होते, की ज्या रेषेला रुंदी नाही आणि खोली नाही, ती रेषा जमिनीवर नसतेच.

मामांनी सांगितले तसे पुन्हा काम काढले. आधीच्या विटा उचलल्या. नऊ इंच खोल चर खणला. त्यातली काळी माती काढून टाकली, कारण फुगणे आणि आक्रसणे हा तिचा स्वभाव आहे, आणि स्वभावाशी वाद घालून उपयोग नसतो. तळाला मुरूम घालून पाणी मारून चोपला. वाफ्याच्या बाजूला विटांची एक ओळ उभी रोवली, म्हणजे खालून येणाऱ्या मुळीला भिंत मिळाली. तिच्या अलीकडे, हिरवळीच्या बाजूला, विटांची एक पट्टी मुरमावर वाळू पसरून आडवी बसवली. ती पट्टी गवताच्या पातळीइतकीच ठेवली. अशी एक वीतभर रुंद वाट तयार झाली. तिथे ना गवत, ना फूल. हरळीची दोरी त्या पट्टीवर येते, उघड्यावर दिसते, आणि पंधरा दिवसांनी खुरप्याचा एक हात फिरवला की परत जाते. पट्टीवरून उभ्याने चालता येते, आणि शेवंती खुडताना गवत तुडवावे लागत नाही.

काम संपल्यावर मी समाधानाने म्हणालो, “झाली बरं का मामा, आता हद्द पक्की झाली.” मामांनी खुरपे माझ्या हातात ठेवले. म्हणाले, “हद्द बांधून होत नस्ती गुरुजी, राखून होती.”

हे सारे सांगण्याचे कारण बाग नव्हे, हे वाचकांनी ओळखले असेलच. माणूस उतारवयात बागेविषयी बोलू लागला की बहुधा तो दुसऱ्याच कशाविषयी तरी बोलत असतो.

प्रश्न असा आहे: हद्द घालणे ही चांगली गोष्ट की वाईट? आपल्याकडे दोन्ही मतांना मोठा मान आहे. एकीकडे आपण मर्यादा हा शब्द गौरवाने उच्चारतो, रामाला मर्यादापुरुषोत्तम म्हणतो. दुसरीकडे दसऱ्याला सोने लुटताना सीमोल्लंघन करतो, आणि जो आपपरभाव विसरला त्याला संत म्हणतो. मर्यादा पाळणाराही थोर आणि सीमा ओलांडणाराही थोर. मग सामान्य माणसाने वाफ्याच्या कडेला वीट लावावी की काढावी?

हरळीचेच उदाहरण घ्या. हीच हरळी दूर्वा होऊन गणपतीच्या मस्तकावर जाते. भाद्रपदात आमच्या घरी सकाळी एकवीस दूर्वांची जुडी करण्यासाठी नातवंडे हिरवळीवर कोवळी, तीन पात्यांची दूर्वा शोधीत फिरतात, आणि त्याच दिवशी दुपारी मी वाफ्यातली तीच दूर्वा मुळासकट उपटून उकिरड्यावर टाकतो. शेतकऱ्याला विचारा, हरळी म्हणजे काय. तो कपाळावर हात मारील. गवत तेच, वीटभर अलीकडे पूजा, वीटभर पलीकडे उकिरडा. तण म्हणून वेगळी वनस्पती निसर्गात नाही. जी आपल्याला नको त्या जागी उगवते तिला आपण तण म्हणतो. म्हणजे ही हद्द धर्माने घातलेली नाही. ती माझ्या सोयीने घातलेली आहे. एवढे मान्य करण्याचा प्रामाणिकपणा तरी हद्द घालणाऱ्याकडे हवा.

आमच्या सौ.ना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग काढून टाका की त्या विटा. राहू द्या सगळी एकत्र.” युक्तिवाद म्हणून यात खोट नव्हती. परंतु विटा नसल्या म्हणजे काय होते ते आम्ही त्या पावसाळ्यात पाहिले होते. हद्द गेल्यावर गवत आणि फुले गुण्यागोविंदाने नांदली नाहीत. जी धावते, जी पेरापेराला मूळ धरते, ती सगळी जागा घेऊन गेली. शेवंती धावू शकत नाही. अबोलीला दुसऱ्याच्या अंगावर चढता येत नाही. हद्द नसणे म्हणजे समता, असे बोलायला छान वाटते, पण ज्या ठिकाणी एकाला धावता येते आणि दुसऱ्याला येत नाही, त्या ठिकाणी हद्द नसणे म्हणजे धावणाऱ्याचे राज्य. दुबळ्याला त्याची वीतभर जागा राहावी यासाठी कुणीतरी चर खणावाच लागतो. कायदा, करार, भाड्याची पावती, बाईच्या नावावरचा घराचा उतारा, या सगळ्या अशाच विटा आहेत. ज्याला त्यांची गरज नाही तोच बहुधा त्यांची चेष्टा करतो.

इथे मात्र जपून पुढे जायला हवे, कारण याच युक्तिवादाने आपल्या समाजाने फार मोठे पाप केले आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावाच्या आणि शेताच्या सीमांविषयी मोठा व्यवहारी विचार सांगितला आहे. सीमेवर वड, पिंपळ, पळस यांसारखी झाडे लावावीत, तळी-विहिरी असाव्यात. शिवाय दगड, हाडे, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, खडे, वाळू अशा मातीत लवकर न विरणाऱ्या वस्तू सीमेवर पुरून ठेवाव्यात, कारण माणसे सीमेविषयी सतत चुकतात. वाचताना वाटते, हा कुणी अनुभवी गावकामगारच बोलतो आहे. आणि त्याच ग्रंथाने माणसामाणसांत ज्या रेषा ओढल्या, त्यांच्यापायी कित्येक पिढ्या गावकुसाबाहेर राहिल्या; २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाची होळी झाली ती याच रेषांसाठी. एकाच ग्रंथात शेताची शहाणी हद्द आणि माणसाची दुष्ट हद्द शेजारी शेजारी बसल्या आहेत. मग त्यांतला फरक ओळखायचा कसा?

मला दोन कसोट्या सुचतात. पहिली, ती हद्द दोन्ही बाजूंना बांधते का? शेताचा बांध मलाही अडवतो आणि शेजाऱ्यालाही. गावकूस मात्र एकालाच अडवीत असे. आतला मनुष्य बाहेर हिंडायला मोकळा, आणि बाहेरच्याला आत पाणी भरायला बंदी. दुसरी कसोटी, त्या हद्दीसाठी जागा कुणी सोडली? बांध दोघांच्या जमिनीतून निघतो. जी हद्द सगळीच्या सगळी दुसऱ्याच्या अंगावर उभी असते, ती हद्द नव्हे, तो कबजा आहे. गवताला मी तण म्हणू शकतो, कारण गवताची समजूत घालायची सोय नाही. माणसाला तण म्हणण्याचा अधिकार कुणालाच मिळालेला नाही.

कसोट्या सांगून झाल्या. आता त्या मला स्वतःला लावून पाहिल्या पाहिजेत, आणि इथेच माझी लेखणी अडखळते.

आमचे वडिलोपार्जित शेत मुखेडच्या शिवारात आहे. बालाघाटाच्या डोंगररांगेचा हा भाग. जमीन सपाट नाही. १९७२च्या दुष्काळात आईवडील दोघेही दुष्काळी कामावर जात. तिथे बांधबंदिस्तीचे काम पाहून आल्यावर वडिलांनी आपल्याही शेतात उताराला आडवा एक बांध घातला. तीन हात रुंद, दोनशे हात लांब. दिवसा कामावरची माती वाहायची आणि संध्याकाळी घरच्या बांधावर टोपली टाकायची, असे त्या दोघांनी कित्येक महिने केले. वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांत वाटणी झाली तेव्हा पंचांना विचार करावा लागला नाही. वरचे शेत मला, खालचे धाकट्याला, मधला बांध ही हद्द.

धाकटा स्वतः शेती करतो. माझे शेत बटईने. पेरणीच्या आधी बटईदार दरवर्षी विचारी, “गुरुजी, बांधाकडून एक तास जास्तीचं घेऊ का?” मी ‘घे’ असे कधी म्हणालो नाही. ‘घेऊ नको’ असेही कधी म्हणालो नाही. खालच्या बाजूने काय चालले होते ते मला दिसत होते, आणि ते दिसत असल्यामुळेच मला गप्प राहणे सोपे गेले. दहा-बारा वर्षांत तीन हातांचा बांध हातभर उरला. बांधावरची बोर गेली, कारण तिच्या मुळ्या उघड्या पडल्या. मग एका पेरणीला शब्दाला शब्द लागला. त्याने मला चोर म्हटले, मी त्याला म्हटले. सरकारी मोजणी आणली. दोन्ही टोकांना खुणा पडल्या आणि रेषा निघाली ती उरलेल्या बांधाच्या बरोबर मधोमध. म्हणजे दोघांनीही सारखाच बांध खाल्ला होता. एखाद्याने हसून विषय संपवला असता. आम्ही बोलणे संपवले. त्याला आता अकरा वर्षे झाली.

मी गणिताचा मास्तर. एका रात्री झोप येईना तेव्हा हिशेब मांडला. बांधाची लांबी दोनशे हात, म्हणजे तीनशे फूट. माझ्या बाजूने खाल्लेला बांध एक हात, म्हणजे दीड फूट. गुणाकार साडेचारशे चौरस फूट. गुंठा असतो १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही. एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरले तर एवढ्या जागेत वर्षाला सव्वाआठ किलो. त्यातला अर्धा वाटा बटईदाराचा. चार किलो सोयाबीनला मी एक भाऊ दिला होता. इतका वाईट व्यवहार मुखेडच्या आठवडी बाजारातही कुणी करीत नाही.

आणि तेवढेही पदरात पडले नाही. बांध पातळ झाल्यावर पहिल्याच मोठ्या पावसात तो मध्ये फुटला. माझ्या शेतातली वरची माती धाकट्याच्या शेतात, त्याच्या शेतातली ओढ्यात. एका जागी घळ पडली. आईवडिलांनी टोपलीटोपलीने जी माती थोपवून धरली होती ती आम्ही दोघा भावांनी ओढ्याच्या स्वाधीन केली. दोघेही म्हणत होतो की दुसऱ्याने माझे घेतले. खरे पाहता दोघांनीही तिसऱ्याचे घेतले होते. बांध हा त्या भांडणातला तिसरा भाऊ होता. त्याला तोंड नव्हते, म्हणून दोघांनी त्याला खाल्ले.

युक्लिडची रेषा मला इथे पुन्हा आठवते. नकाशावर दोन शेतांमध्ये रुंदी नसलेली रेषा असते, आणि माणूस एकदा त्या रेषेवर बोट ठेवून बोलू लागला की शेवटच्या इंचापर्यंत आपले काय आणि परक्याचे काय, हे ठरवल्याशिवाय थांबत नाही. बांधाला रुंदी असते. तिथे दोघांचे काहीतरी असते, म्हणून त्यातले कुणा एकट्याचे काही नसते. तिथे बोर उगवते, शेरडे चरतात, दुपारच्या भाकरीला सावली मिळते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यात जमीनधारकाने हद्दीच्या खुणा नीट राखाव्यात असे सांगितले आहे. आणि त्याच कायद्याच्या १४३व्या कलमाने, ज्याला आपल्या शेतात जायला वाट नाही त्याला दुसऱ्याच्या शेताच्या हद्दीवरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला दिला आहे. हे कलम वाचले तेव्हा मी थक्क झालो. कायद्याने हद्दीकडे पाहिले आणि तिच्यात त्याला रस्ता दिसला. मला मात्र इतकी वर्षे फक्त कुंपण दिसत होते.

प्राचीन रोमन लोकांत टर्मिनस नावाचा एक देव होता. शेताच्या हद्दीचा दगड म्हणजेच हा देव. २३ फेब्रुवारीला त्याचा सण असे. दोन्ही बाजूंचे शेतकरी आपापल्या बाजूने त्या एकाच दगडाला माळा घालीत आणि मिळून जेवीत. आपल्या लातूर-नांदेडकडे यापेक्षा कमी काही नाही. मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला सारे गाव शेतात लोटते. कडब्याची कोप, तिच्यात मांडलेली पांडवपूजा, आंबिल आणि भज्जी. त्या दिवशी जेवायला वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक घालायची. शेजारच्या शेतातली बायका-मुले बांध ओलांडून येतात, आपली जातात. बांध त्या दिवशी उंबऱ्यासारखा असतो. मात्र ज्या बांधावर उभे राहायला जागा नाही, तिथे उभे राहून हाक कशी घालायची? गेली अकरा वर्षे दोन शेतांत दोन कोपी उभ्या राहतात, आणि त्यांच्यातले अंतर शंभर पावलेही नाही.

या सगळ्याचे ओझे कुणी वाहिले असेल तर आमच्या अक्काने. अक्का आम्हा दोघांहून मोठी. तिचे सासर बिचकुंद्याकडचे. १ नोव्हेंबर १९५६पूर्वी बिचकुंदा आमच्याच नांदेड जिल्ह्यात, देगलूर तालुक्यात होते. हैदराबाद राज्याचे विभाजन झाले तेव्हा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, आणि देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे बीदर जिल्ह्यातले तालुके इकडे आले. पुढे २०१४ साली पलीकडे तेलंगण राज्य झाले. अक्काच्या सासरच्या घराची एक वीट हलली नाही, पण त्याच्या पत्त्यातली राज्ये बदलत गेली. नकाशावरची ही रेषाही युक्लिडची, रुंदी नसलेली. जमिनीवर मात्र लोकांनी तिला रुंदी दिली. देगलूर, मुखेड, बिलोली या पट्ट्यात मराठी माणसाच्या बोलण्यात कानडी आणि तेलुगू सहज येते. मुली इकडच्या तिकडे आणि तिकडच्या इकडे दिल्या जातात. बाजार सामाईक, जत्रा सामाईक. दोन राज्यांच्या मधला बांध लोकांनी अजून खाल्लेला नाही.

अक्का दर दिवाळीला ती राज्याची हद्द एसटीत बसून, खिडकीतून बाहेर पाहतसुद्धा नाही इतक्या सहज ओलांडते. आणि मुखेडला उतरल्यावर तिची खरी अडचण सुरू होते. भाऊबीजेला दुपारी धाकट्याकडे ओवाळायचे, संध्याकाळी माझ्याकडे. दोन्हीकडे जेवायचे, आणि एकीकडचे दुसरीकडे बोलायचे नाही. एका वर्षी ओवाळून झाल्यावर ताट खाली ठेवताना ती एवढेच म्हणाली, “दोन राज्यं ओलांडून येते रे मी. तुमचा हातभर बांध तेवढा मला ओलांडता येईना.” मी ओवाळणी ताटात टाकली आणि विषय बदलला.

अंगणातल्या विटांचे काम दुसऱ्यांदा केले ते त्यानंतरच्या वर्षी. मुरूम चोपीत असताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. हिरवळ आणि वाफा यांच्यात नीट हद्द हवी तर वीतभर जागा सोडावी लागली. ती मी कुणाला विचारून सोडली? कुणालाच नाही. गवतातूनही थोडी घेतली आणि वाफ्यातूनही, कारण दोन्ही माझेच होते. मग आईवडिलांचा बांध कुणाचा होता?

गेल्या वर्षी मृगाच्या आधी मी बटईदाराला बोलावले आणि सांगितले, की बांधाकडची तीन तासे यंदा सोडायची. मोजायचे नाही, विचारायचे नाही, सोडायची. आणि मी सोडली असे कुणाला सांगायचेही नाही. तो माझ्याकडे काही वेळ पाहत राहिला. म्हणाला, “गुरुजी, पल्याडून नाही सोडलं तर?” हा प्रश्न मी स्वतःला आधीच विचारला होता. पलीकडून सोडल्यावर मी सोडीन, असे दोन्हीकडचे लोक म्हणत बसले तर बांध कधीच होत नाही. आणि उत्तर गणितात सापडत नाही, कारण गणितात समीकरणाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी सारख्या असाव्या लागतात. संसारात एका बाजूला आधी व्हावे लागते.

सोडलेल्या तासांवर पहिल्याच पावसात काय उगवले असेल? हरळी! वाफ्यातून जिला मी दोन वर्षे खुरप्याने हाकलीत होतो तीच. पण बांधावर तिला कोण तण म्हणणार? पेरापेराने मूळ धरीत तिने ती मोकळी माती अशी घट्ट विणली, की त्या पावसाळ्यात घळ पुढे सरकली नाही. जिचा धावण्याचा स्वभाव माझ्या फुलांना मारक होता, तोच स्वभाव इथे माती तारून गेला. मला वाटते, जगात वाईट म्हणून हाकललेल्या पुष्कळ गोष्टींना फक्त त्यांचा बांध मिळालेला नसतो.

यंदाच्या पेरणीनंतर मी शेतावर गेलो होतो. बांधावरून चालत गेलो. आता पाऊल ठेवण्याइतका तो रुंद आहे. अर्ध्यावर गेल्यावर लक्षात आले, की खालच्या बाजूलाही दोन तासे पडीक सोडलेली आहेत. तिथेही हरळी धरली होती. एका जागी बोरीचे एक रोप होते आणि शेरडांनी खाऊ नये म्हणून त्याच्याभोवती बाभळीच्या काट्या लावलेल्या होत्या. त्या मी लावलेल्या नव्हत्या. बटईदाराला विचारले, त्याने नुसती मान हलवली. मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो. पलीकडे धाकटा दुंडे चालवीत होता. त्याने वर पाहिले. मी हात वर केला नाही, त्यानेही केला नाही. पण आम्ही दोघांनीही तोंड फिरवले नाही, आणि अकरा वर्षांनंतर ही काही लहान गोष्ट नव्हे.

यापुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. फुटलेला बांध एका पावसात भरत नाही, आणि हद्द बांधून होत नाही, राखून होते, हे मामांचे शब्द मी विसरलेलो नाही. पण काल अंगणात विटांना गेरू लावीत बसलो होतो तेव्हा आतून पाण्याचा आवाज आला. पाहतो तो, सौ.नी माळ्यावरून जुने पाट काढून अंगणाच्या दगडावर घासायला घेतले होते. भाऊबीजेला इतकी वर्षे आमच्याकडे एकच पाट लागतो. त्यांनी दोन काढले होते. मी काही विचारले नाही. उरलेला चुना घेऊन परत विटांपाशी गेलो.